मांजर सांगून चावतं

मराठीत मांजराच्या वाट्याला फारसं चांगलं काही आलेलं नाही. ते आडवं गेलं की काम बिघडतं. दूध पितं तेही डोळे मिटून. शिंकं तुटलं की फावतं ते बोक्याचंच. आणि कुत्रा जसा इमानी तसं मांजर बेईमान, हे तर आपण शाळेतल्या ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधापासून गिरवत आलोय (निबंध अर्थात कुत्र्यावर असायचा). या आरोपपत्रातलं सगळ्यात जड कलम म्हणजे, "एवढं खायला-प्यायला घातलं, मांडीवर घेतलं, आणि अचानक चावलं!"

माझी तक्रार त्या ‘अचानक’ शब्दाबद्दल आहे. मांजर सहसा अचानक चावत नाही. (अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतेच.) ते आधी सांगतं. एकदा सांगतं, पुन्हा सांगतं, कधीकधी चार-चार वेळा सांगतं. आपल्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही, कारण ते सांगणं बहुतेक वेळा आवाजाचं नसतंच. दात लागले की मात्र लगेच ऐकू येतं.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण घरगुती आहे. आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या ‘ठमीचं काय करायचं’ हा एकच विषय चालू आहे. ठमी ही चिपळूणच्या घरची मांजर, वय वर्षं नऊ. गेल्या आठवड्यात ती माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला मनगटापाशी चावली. भाचा तिचं तोंड दोन्ही तळव्यांत धरून पापी घ्यायला गेला होता. चांगले दोन सुळे रुतले. त्याच संध्याकाळी तात्यांनी निकाल दिला की हिला पोत्यात घाला आणि मासळी बाजाराकडे सोडून या, तिथे उपाशी मरणार नाही. वहिनीने कशीबशी अंमलबजावणी थांबवली. आज सहावा दिवस. ठमी मागच्या खोलीत आहे, भाच्याची दोन इंजेक्शनं झाली आहेत, तिसरं उद्या. दहा दिवस झाले की पुढचं ठरणार आहे आणि ग्रुपवर सध्या सरळ दोन तट पडलेत. माझं मत तिथे मावेना, म्हणून इथे. तात्या हे वाचणार आहेत हे गृहीत धरूनच लिहितेय.

आधी मांजर चावतं का, ते पाहू.

कुत्रा हा कळपाचा प्राणी. कळपात मोठ्यापुढे नमतं घेण्याची एक पद्धत असते. शेपूट पायात घालायची, उताणं पडायचं, की भांडण मिटतं. मांजराचे पूर्वज, म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं, एकटीदुकटी शिकार करणारी होती. त्यांच्याकडे ‘चुकलो, माफ करा’ म्हणायची सोयच नाही. शिवाय मांजर शिकारी असलं तरी आकाराने लहान, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी शिकारही होऊ शकणारं. अशा प्राण्याचं पहिलं धोरण एकच, निसटायचं. निसटता आलं तर मांजर सहसा भांडत नाही. तुम्ही आठवून बघा, गल्लीतलं मांजर समोरून आलं तर ते तुमच्यावर धावून येतं की कुंपणावरून पलीकडे उडी मारतं? चावायची वेळ येते ती वाट बंद झाल्यावर. कोपऱ्यात गाठलं, पलंगाखालून ओढून काढलं, घट्ट उचलून धरलं, किंवा तोंड दोन तळव्यांत पकडलं, की वाट बंद. चार किलोचं जनावर आणि पंचवीस किलोचं मूल. मुलाच्या बाजूने ते प्रेम असतं. मांजराच्या बाजूने त्याचं काय दिसत असेल, हा हिशेब आपण करत नाही.

आता ‘सांगणं’ म्हणजे काय? मांडीवर बसलेल्या मांजराचं उदाहरण घेऊ, कारण बेईमानीची निम्मी प्रकरणं तिथेच घडतात. तुम्ही टीव्ही बघत त्याच्या पाठीवरून हात फिरवताय. आधी शेपटीचं नुसतं टोक हलायला लागतं. मग पाठीची कातडी मधेच थरथरते, माशी बसल्यासारखी. कान थोडे बाजूला वळतात. अंग ताठ होतं. खुशीतली घुरघुर बंद पडते (मालिकेच्या पार्श्वसंगीतात हे कुणाला कळणार?). मग ते मान वळवून तुमच्या हाताकडे बघतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. शेपूट आता आपटायला लागते. इतकं सगळं होऊनही हात फिरतच राहतो, आणि मग चावा. यात मांजराने काय लपवलं, सांगा बरं?

हे होतं याचं कारणही साधं आहे. मांजरं एकमेकांना चाटतात ती मुख्यतः डोक्याला आणि मानेला, आणि तेही थोडा वेळ. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबलचक हात फिरवणं, तेही वीस मिनिटं, ही माणसाची कल्पना. काही मांजरांना ती आवडते, काहींना थोडा वेळ आवडते, काहींना अजिबात नाही. गाल, हनुवटी, कानांच्या मुळाशी बहुतेकांना चालतं. शेपटीचं बूड आणि पोट बहुतेकांना चालत नाही. पोटाचा घोळ तर फारच. मांजर उताणं पडलं की आपल्याला वाटतं ते ‘कुरवाळा’ म्हणतंय. ते एवढंच म्हणत असतं की इथे मला भीती वाटत नाही. त्यावर हात घातला की चारही पाय आणि तोंड एकदम हाताला येऊन चिकटतं. अशा वेळी हात जोरात ओढू नये, ओरखडे खोल होतात. हात ढिला सोडून स्थिर ठेवला की बहुतेकदा पकड सुटते.

आवाजाच्या बाबतीतही आपली गल्लत होते. मांजराच्या खुशीलाही आपण गुरगुर म्हणतो आणि कुत्र्याच्या रागालाही गुरगुरच. आणि मांजराची ती घुरघुर काही दर वेळी खुशीची नसते. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं, पिल्लं होतानाही घुरघुरतं. तेव्हा "अहो, घुरघुरत होती आणि चावली" हा काही बेईमानीचा पुरावा होत नाही.

इथे आमच्या घराण्यातून हमखास येणारं वाक्य म्हणजे, "आम्हाला शिकवू नका, आमच्याकडे तीन पिढ्या मांजरं आहेत." मान्य. पण २०२२ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी शंभराहून अधिक माणसांना लंडनच्या एका मांजरांच्या आश्रयगृहात अनोळखी मांजरांशी खेळायला दिलं आणि चित्रीकरण करून तपासलं. त्यात स्वतःला मांजरांतलं जास्त कळतं असं सांगणारी माणसं मांजराला कमी आवडणाऱ्या जागी जास्त हात लावत होती, आणि अनेक वर्षं मांजरं पाळलेली माणसं मांजराला मोकळीक कमी देत होती. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. अनुभवाने भीती जाते, आणि भीती गेली की माणूस निरखून बघायचं सोडतो.

चावण्याची बाकी कारणं एकेक करून सांगते, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

एक, खेळ. पिल्लू आपल्या भावंडांशी मस्ती करताना शिकतं की जोरात चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ थांबतो. जे पिल्लू आईपासून आणि भावंडांपासून फार लवकर तोडलं जातं त्याचं हे शिक्षण अर्धं राहतं. फिनलंडमध्ये २०१७ साली सुमारे पावणेसहा हजार मांजरांची माहिती तपासली, त्यात आठ आठवड्यांच्या आत आईपासून वेगळी केलेली मांजरं जास्त आक्रमक असल्याचं दिसलं. आपल्याकडे कापसाच्या गोळ्यासारखी पर्शियन पिल्लं वाढदिवसाची भेट म्हणून घरात येतात, त्यातली कितीतरी आठ आठवड्यांचीही नसतात. त्यात आपण पिल्लाला खेळायला देतो काय, तर आपली बोटं. दीड महिन्याच्या पिल्लाने बोट चावलं तर सगळं घर हसतं. आठ महिन्यांनी तेच दात, तोच खेळ, आणि मग आपण म्हणतो मांजर बिघडलं. काठीला दोरी आणि दोरीला कापडाची चिंधी बांधली तर खर्च शून्य. संध्याकाळी आणि पहाटे दबा धरून घोट्याला धरणारी मांजरं याच वर्गातली. ती त्यांची शिकारीची वेळ आणि घरात हलणारी गोष्ट म्हणजे तुमचे पाय. त्या वेळी दहा मिनिटं चिंधी नाचवून खायला घातलं की घोटे वाचतात.

दोन, दुसऱ्याचा राग. खिडकीतून बाहेरचा बोका दिसला, मांजर पिसारलं, शेपटीचा ब्रश झाला, आणि तुम्ही "काय झालं गं मनी" म्हणून उचलायला गेलात. मनीला बोक्यापर्यंत पोचता येत नाही, तुमचा हात मात्र समोर आहे. हा चावा सगळ्यात जोराचा असतो आणि सगळ्यात विनाकारण वाटतो. अशा मांजराला शांत व्हायला कधीकधी कित्येक तास लागतात. दार लोटून घ्यावं आणि एकटं सोडावं, समजूत काढायला जाऊ नये.

तीन, पिल्लं. व्यालेल्या मांजरीच्या जवळ जाऊ नये हे आपल्या आज्यांना माहीत होतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. पिल्लांची जागा सारखी उघडी पडत असेल, लोक डोकावत असतील, तर ती जागा बदलते. तिला बदलू द्यायचं, एवढंच आपलं काम.

चार, भीती. ही मुख्यतः बाहेरच्या मांजरांची गोष्ट. आपण सगळ्यांना सरसकट भटकी म्हणतो, पण त्यात निदान दोन जाती आहेत. काही मांजरं एकेकाळी कुणाच्या तरी घरची असतात किंवा निदान माणसाच्या हातात वाढलेली. ती उपाशी असली, घाबरलेली असली तरी थोड्या दिवसांत पायात घोटाळायला लागतात. दुसरी जन्मापासून माणसाचा हात न लागलेली. पिल्लाची माणसाशी ओळख पटायचा काळ फार छोटा असतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. त्या काळात माणसं हाताळली गेली नाहीत तर पुढे माणूस म्हणजे एक मोठा, जवळ येणारा प्राणी, इतकंच त्याला समजतं. सोसायटीतल्या काकू रोज दूध-पोळी घालतात आणि ते रोज येतं, म्हणून ते काकूंचं होत नाही. ते जेवणाच्या वेळेचं असतं. काकू एक दिवस प्रेमाने उचलायला जातात आणि दवाखान्यात जातात. अशा मांजराला खायला घालावं, पाणी ठेवावं, जमलं तर संस्थेच्या मदतीने पिंजऱ्यातून नेऊन नसबंदी आणि लस करून आणावी. (नसबंदी झालेल्या मांजराच्या एका कानाचं टोक कापलेलं असतं, ती खूण.) पण हात लावू नये. माणसाळलंच पाहिजे अशी सक्ती कशाला?

पाच, दुखणं. आणि इथे मी आमच्या ठमीकडे येते. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत. २००२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले तर ९० मांजरांच्या सांध्यांची झीज झालेली होती. म्हणजे म्हातारं मांजर उचलताना कमरेला हात लागला की का चावतं, याचं उत्तर बहुतेकदा कमरेतच असतं. ठमीला चावल्यानंतर दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी जाड हातमोजे घालून तपासलं. मागची एक दाढ सडलेली, हिरडी लालभडक सुजलेली. आणि भाच्याने तोंडच दाबून धरलेलं. मग एकेकाला आठवायला लागलं. महिनाभर ती कोरडं खाणं तोंडात घेऊन खाली टाकत होती. मान एका बाजूला कलती करून जेवत होती. हनुवटीला लाळ दिसायची. वहिनीला वाटलं वय झालं, तात्यांना वाटलं माजली, आता मासे सोडून काही चालत नाही. एक महिनाभर ती सांगत होती असं मी म्हणते, ते या अर्थाने.

आता ते अपवाद. मांजर न सांगता चावतं का? चावतं. एक म्हणजे असं मांजर, ज्याला सांगितल्याबद्दल शिक्षा झालेली आहे. फिसकारलं की चापट, गुरगुरलं की पाण्याचा फवारा. त्याने ते फिसकारणं सोडतं, चावणं सोडत नाही. मधली पायरी तेवढी आपणच काढून टाकतो. दुसरा अपवाद मेंदूच्या आजारांचा, आणि त्यातला सगळ्यात भयंकर म्हणजे रेबीज.

तात्यांच्या रागाचं मूळ इथे आहे आणि ते मला पूर्ण समजतं. लहानपणी कुत्रा चावला म्हणून त्यांनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस. ज्याने ती घेतली तो आयुष्यात विसरत नाही. आपल्याकडे २००४ च्या अखेरीस ती बंद झाली. आता दंडातच इंजेक्शनं देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात, त्याचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. स्नायूत दिली तर पाच, त्यात चौदावा दिवसही येतो. रक्त आलेली जखम असेल तर जखमेत आणि जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. भाच्याला तेही दिलं.

"मांजर कुठे पिसाळतं? पिसाळतो तो कुत्रा," असं आमच्याच ग्रुपवर एका शहाण्याने लिहिलंय. हे चूक आहे, आणि जीवघेणं चूक आहे. मांजराला रेबीज होतो, बहुधा पिसाळलेला कुत्रा किंवा दुसरा प्राणी चावल्यामुळे. अमेरिकेत कुत्र्यांना नेमाने लस दिली जाते, तिथे पाळीव प्राण्यांत रेबीज सर्वात जास्त सापडतो तो मांजरांत. आपल्या देशात २०२२-२३ मध्ये झालेल्या पाहणीवरून वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसं रेबीजने दगावतात असा अंदाज निघाला. चावणाऱ्यांत तीन चतुर्थांशाहून जास्त कुत्रे, हे खरं. पण उरलेल्यांत मांजरं आहेत. एकदा लक्षणं दिसायला लागली की हा आजार जवळपास कधीच बरा होत नाही. तेव्हा हळद, चुना, तिखट, तंबाखू यातलं काहीही लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रेबीज बाजूला ठेवला तरी मांजराचा चावा दिसतो त्यापेक्षा वाईट असतो. सुळे सुईसारखे बारीक. जंतू आत खोल सोडतात आणि वरचं भोक लगेच मिटतं. कुत्र्याच्या चाव्यापेक्षा मांजराचा चावा जास्त वेळा पिकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीत हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांपैकी ५७ जणांना दाखल करून घ्यावं लागलं होतं, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. तेव्हा ‘दोन ठिपके तर आहेत’ म्हणून सोडून देऊ नये. हाताला, बोटांच्या सांध्याजवळ चावा असेल आणि दुसऱ्या दिवशी लाली, सूज, ठणका असेल तर अजिबात थांबू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक याचं काय ते डॉक्टर ठरवतील.

आता तात्यांच्या पोत्याबद्दल. मला वाटतं ते पोतं हाच या सगळ्यातला सर्वात मोठा धोका होता, ठमीपेक्षाही. चावलेल्या कुत्र्या-मांजराला दहा दिवस नजरेखाली ठेवतात, त्यामागे कारण आहे. चावताना त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील तर ते जनावर त्या दहा दिवसांत आजारी पडतं आणि मरतं. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर त्या चाव्यातून रेबीज आलेला नाही. पुढच्या इंजेक्शनांचं काय करायचं ते मग डॉक्टर सांगतात. (इंजेक्शनं लगेच सुरू करायची, दहा दिवस वाट बघत बसायची नाही, हे वेगळं सांगायला नको.) मांजर मासळी बाजारात सोडलं की ही सगळी माहिती त्याच्याबरोबर गेली. मुलाच्या आईला नंतर कितीही रात्री जागून काढाव्या लागल्या तरी ती परत मिळणार नाही. शिवाय ते खरंच आजारी असेल तर आपण ते आजारपण कोळणींच्या पाट्यांमध्ये नेऊन सोडलं. आणि आजारी नसेल, तर नऊ वर्षं घरात झोपलेलं, सडक्या दाढेचं, घाबरलेलं मांजर अनोळखी बोक्यांमध्ये आणि कुत्र्यांमध्ये. ते तिथे पहिला हात लावणाऱ्या माणसाला चावणार नाही तर काय करणार? तुमच्या घरातला चावा तुम्ही दुसऱ्याच्या मुलाकडे पाठवलात, एवढंच. कायदाही सांगून ठेवते. उपाशी-तहानलेलं राहून हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे.

"म्हणजे पोरांपेक्षा मांजर मोठं का?" हा प्रश्न ग्रुपवर आलाच. नाही. पोरंच मोठी. म्हणून तर हे सगळं. ठमीला सोडून दिल्याने भाचा काय शिकेल? मांजरं वाईट असतात, एवढंच. मग तो दुसऱ्या कुणाच्या घरी दुसऱ्या मांजराचं तोंड असंच धरेल, कारण काय चुकलं ते त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. तो आठ वर्षांचा आहे, त्याचा दोष नाही. पण शेपटीचं टोक हलायला लागलं की हात काढून घ्यायचा, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत शिकवता येते. मांजर जवळ आलं तर बोट पुढे करायचं, त्याने गाल घासला तर खाजवायचं, निघून गेलं तर जाऊ द्यायचं. खात असताना, झोपलेलं असताना, लपलेलं असताना हात लावायचा नाही. पापी घ्यायची नाही. लांबून डोळे सावकाश मिटून उघडायचे, मांजरंही तसे मिटून उत्तर देतात. २०२० साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलंय. भाच्याला हा प्रयोग चुंबनापेक्षा जास्त आवडेल याची मला खात्री आहे. आणि अगदी लहान मुलं असतील त्या घरात मूल आणि मांजर एका खोलीत, मोठं माणूस तिसऱ्या खोलीत, असं करायचं नाही. हा नियम मांजर गरीब असलं तरी.

तर माझं मत असं आहे. दहा दिवस पूर्ण होऊ द्यावेत. ठमी ठीक असेल तर चिपळूणच्याच डॉक्टरांकडे दाढ काढून घ्यावी, तिची रेबीजची लस द्यावी आणि पुढे दर वर्षी चुकवू नये. उंचावर, माळ्याच्या जिन्यापाशी, मुलांचा हात पोचणार नाही अशी एक जागा तिला द्यावी. दाढेचा खर्च आम्ही चुलत भावंडं वाटून घेऊ. इतकं करूनही ती पुन्हा चावायला लागली तर ओळखीतलं, मुलं नसलेलं घर शोधू. मी स्वतः शोधीन. पोतं मात्र नको.

मांजराने आपल्याशी कधी इमानाचा करार केलेलाच नाही. धान्यापाशी उंदीर होते म्हणून ते आलं, आणि आपल्याला बरं वाटलं म्हणून आपण राहू दिलं. सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या शेजारी पुरलेलं मांजर सापडलंय, म्हणजे ओळख तेवढी तरी जुनी. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याचं ‘आता पुरे’ हे वाक्य आपल्याला कळायला हवं, एवढीच अपेक्षा.

असो. फारच लांबलं. तुमच्याकडच्या मन्या, माऊ आणि बोके मंडळींनी काय सांगून मग दात लावले, ते जरूर कळवा. आणि त्यांची लस झाली आहे का, तेही. :)